बारवेतला सायक्लॉप्स नेमका कोणता? कोपेपॉडांच्या नावांविषयी प्रस्तावना

नारू म्हणजे काय, हे आज मराठवाड्यातल्या विशीतल्या मुलाला सांगता येणार नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. साठी ओलांडलेल्यांना मात्र वेगळे सांगावे लागत नाही. घोट्याजवळ फोड यायचा, तो फुटला की आतून पांढरा कृमी डोकावायचा. काडीला गुंडाळत तो रोज थोडाथोडा बाहेर ओढायचा. मधेच तुटला तर पाय सुजून कर्ता माणूस ऐन पेरणीच्या तोंडावर खाटेला खिळायचा. मादी कृमीची लांबी मीटरभरही भरे. पिण्याच्या पाण्यातून तो माणसाच्या शरीरात शिरे, पण पाण्यात सुटा पोहत येत नसे. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या, एकच डोळा असलेल्या, झटके देत पोहणाऱ्या एका जीवाच्या अंगात तो बसलेला असे. त्या जीवाला डॉक्टरांपासून आरोग्य सेवकापर्यंत सगळे सायक्लॉप्स म्हणत.

नारूच्या अळ्या सायक्लॉप्समध्ये वाढतात हे रशियन निसर्ग-अभ्यासक फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात पाहिले. १९१० च्या दशकात मुंबईच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत टर्खड यांनी याच विषयावर प्रयोग केले. पण सायक्लॉप्स हे एका प्राण्याचे नाव नाही. ती एक मोठी बिरादरी आहे. आपल्या बारवांमधून नारू वाहून नेणारा त्यातला नेमका कोणता, असे विचारले की भारतातली जुनी पुस्तके आणि शोधनिबंध दोन नावे पुढे करतात: मेसोसायक्लॉप्स ल्यूकार्टी आणि मेसोसायक्लॉप्स हायलिनस. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हीच नावे पाठ केली. आज त्या दोन्ही नावांवर विसंबता येत नाही. हे कसे झाले आणि त्याने काय बिघडते, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. पुढची प्रकरणे ओळखीच्या तंत्राची आहेत. तंत्र शिकण्याआधी ते कशासाठी शिकायचे हे वाचकाला कळले पाहिजे.

कोपेपॉड हा कवचधारी संधिपादांचा गट. कोळंबी आणि खेकडा हे त्यांचे लांबचे भाऊबंद. मराठी विश्वकोशी परिभाषेत त्यांना अरित्रपाद म्हटले आहे. वर्णन झालेल्या जाती दहा हजारांच्या कितीतरी वर. समुद्रात त्यांची संख्या अफाट. बांगडा, तारली यांच्यासारख्या माशांच्या आहारात ते असतात, आणि बहुतेक माशांच्या पिल्लांचा पहिला घास यांचाच असतो. गोड्या पाण्यातही तेच. तलावात सोडलेल्या कटल्याच्या बोटुकलीला जे जिवंत खाद्य मिळते त्यात यांचा मोठा वाटा असतो.

हे पुस्तक पिशोरच्या शिवारातल्या पाण्यांपासून सुरू होते आणि समुद्रापर्यंत जाते. वाचकाला ही उडी वाटेल, पण ती उडी नाही. कन्नड तालुक्यातले पिशोर अंजना नदीच्या काठचे. अंजना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गौताळ्याचा डोंगर ओलांडून घाट उतरला की चाळीसगावकडचे पाणी गिरणेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जाते. एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांचे पाणी दोन समुद्रांना पोचते. कोपेपॉडांचे गणही असेच पसरलेले आहेत. अंजना-पळशी प्रकल्पाच्या पाण्यात जाळी फिरवली तर हाती लागणारा लांब मिशांचा डायाप्टोमस आणि खोल समुद्रातला कॅलॅनस हे एकाच गणातले. विहिरीतला मेसोसायक्लॉप्स आणि किनाऱ्यावरची ओइथोना हेही एका गणातले. नावांचा घोळही दोन्हीकडे सारख्याच वाटेने झाला आहे.

गोड्या पाण्यातली गोष्ट आधी सांगतो, कारण ती आपल्या घरची आहे.

१८५७ साली कार्ल क्लाउस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने जर्मनीतल्या पाण्यातून एक सायक्लॉप्स वर्णिला आणि त्याला ल्यूकार्टी हे नाव दिले. त्या काळाच्या मानाने वर्णन चांगले होते. मिशीचे भाग किती, शेपटीच्या दोन फाट्यांची लांबी-रुंदी किती, पाचव्या पायावर काटा कुठे, एवढे सांगितले की जात ओळखता येते असा तेव्हाचा समज होता. जर्मनीपुरते ते पुरतही असे. अडचण पुढे आली. तीच पुस्तके घेऊन लोक आफ्रिकेत, श्रीलंकेत, भारतात, ऑस्ट्रेलियात पाणी तपासू लागले. मादीच्या मिशीचे भाग सतरा, पाचव्या पायाला दोन भाग, त्यातल्या दुसऱ्यावर मध्यावर एक काटा आणि टोकाला एक लांब केस. ही खूण पटली की वहीत ल्यूकार्टी लिहिले जाई. कोणी आळस केला असे मी म्हणणार नाही. समोरच्या पुस्तकाप्रमाणे ते उत्तर बरोबरच होते. ती सगळी लक्षणे मेसोसायक्लॉप्स या आख्ख्या प्रजातीची आहेत, एका जातीची नाहीत, हे त्या पुस्तकाला ठाऊक नव्हते.

मग एका यादीतून नाव दुसरीत गेले, दुसरीतून पाठ्यपुस्तकात आणि पाठ्यपुस्तकातून प्रश्नपत्रिकेत. सातबाऱ्यावर एकदा चुकीचे नाव चढले की पुढचे सगळे फेरफार त्याच नावावर होत जातात, तसेच इथे झाले.

गुंता सोडवायला फ्रीडरिश कीफर पुढे आले. पेशाने शाळामास्तर असलेल्या या जर्मन गृहस्थांनी सारी हयात कोपेपॉडांवर घालवली. १९८१ साली त्यांनी जगभरातून ल्यूकार्टी म्हणून आलेले नमुने पुन्हा तपासून मोठा प्रबंध छापला. त्यातून दिसले की खरा ल्यूकार्टी युरोपात आणि आशियाच्या उत्तर-पश्चिमेकडच्या थंड, समशीतोष्ण भागांत राहतो. उष्ण प्रदेशांत त्या नावाखाली वावरणारे जीव वेगळेच होते, आणि तेही एक नव्हे, अनेक जातींचे. पाठोपाठ बेल्जियमच्या इसाबेला व्हॅन डी व्हेल्डे यांनी आफ्रिकेतल्या आणि पुढे पोलंडच्या मारिया होविन्स्का यांनी आशियातल्या जातींची फेरतपासणी केली. आज भारतातल्या पाण्यांतून मे. ॲस्पेरिकॉर्निस, मे. थर्मोसायक्लोपॉइडिस, मे. ओगुन्नस अशी नावे येतात. जुन्या नोंदींतला हायलिनस हा पुढे थर्मोसायक्लॉप्स प्रजातीत गेला, तिथे क्रॅसस या आधीच्या नावात विलीन झाला, आणि उष्ण प्रदेशांतल्या त्याच्या पुष्कळ नोंदी डेसिपिएन्स या तिसऱ्याच जातीच्या निघाल्या. म्हणजे दोन जुन्या नावांपैकी एकही आपल्या जागी उरले नाही.

ओगुन्नस हे नाव देणारे सान्या ओनाबामिरो नायजेरियाचे. त्यांच्या देशातही नारूने थैमान घातले होते. आपल्या गावांच्या तळ्यांतला कोणता जीव हा रोग वाहतो, हे शोधताना त्यांना युरोपीय नावे पुरेनात, तेव्हा त्यांनी आपल्या पाण्यांतले जीव स्वतः बारकाईने मांडले. ओगुन्नसचे वर्णन १९५७ चे. रोगाने गांजलेल्या देशातल्या माणसाने तिथल्याच पाण्यातला प्राणी ओळखून त्याला नाव दिले, याचे मोल मला फार वाटते. आपल्याकडे नारूवर एवढे काम झाले, पण बारवेतल्या सायक्लॉप्सची अशी चौकशी पुरेशी झाली नाही.

यावर एक वाजवी प्रश्न विचारला जातो: नाव चुकले म्हणून काय अडले? नारू तर गेलाच ना? गेला, आणि तो गेला याचा अभिमान बाळगावा. राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा, १९८४ साली, देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते आणि बारा हजारांहून अधिक गावे बाधित होती. महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करून रहाट किंवा हापसे बसवणे, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक सोडणे, फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर ती मोहीम चालली. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. फडके ॲस्पेरिकॉर्निसही अडवते आणि ओगुन्नसही. उपाय असे होते की जातीचे नाव चुकले तरी चालले.

पण सगळे उपाय तसे नसतात. कोणत्या जातीत नारूची अळी पंधरवड्यात पक्व होते आणि कोणत्या जातीत मरते, उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की कोणती जात वाढते, शंभरांत किती सायक्लॉप्स बाधित असतात, अशी कष्टाने जमवलेली निरीक्षणे जुन्या निबंधांत ल्यूकार्टी या नावाखाली पडून आहेत. ती आता कोणत्या जातीच्या खात्यावर घालायची? नमुने जपले असते तर आजही ठरवता आले असते. जिथे ते टाकून दिले गेले, तिथली आकडेवारी खरी असूनही बेवारस झाली आहे. आफ्रिकेतल्या काही देशांत नारू अजून पुरता हटलेला नाही आणि तिथे कुत्र्यांतही तो आढळतो, हे लक्षात घेतले तर तोटा कळेल.

डासांच्या बाबतीत नावाचा हिशेब आणखी रोकडा आहे. मेसोसायक्लॉप्स डासाच्या लहान अळ्या खातो. व्हिएतनाममध्ये पाण्याच्या टाक्यांत आणि रांजणांत हे जीव सोडून, गावकऱ्यांच्या साथीने, अनेक गावांतून डेंग्यूच्या एडिस डासाचा नायनाट करण्यात आला. त्याआधी ताहितीत फ्रेंच संशोधकांनी असेच प्रयोग केले होते. १९८१ साली छापताना त्यांनी आपल्या शिकारी जीवाचे नाव दिले मे. ल्यूकार्टी पिलोसा. तो पुढे ॲस्पेरिकॉर्निस ठरला. त्यांचा निबंध वाचून कोणी युरोपातल्या तळ्यातून ल्यूकार्टी आणून टाक्यांत सोडला असता तर तो भलताच प्राणी ठरला असता. जात बदलली की उष्णता सोसण्याची ताकद, भूक, पुनरुत्पादनाचा वेग सगळे बदलते. चुकीच्या नावाने आणखी एक मोठे नुकसान होते: अस्तित्वात नसलेला एक प्राणी तयार होतो. पाच जातींच्या नोंदी एका नावावर चढल्या की तो जीव बर्फाखालीही राहतो, रखरखीत उन्हातही राहतो, स्वच्छ पाण्यातही आणि गटारातही, असे चित्र उभे राहते. मग त्याला जगभर आढळणारा, कशालाही टिकणारा म्हणतात. असा प्राणी कुठेच नसतो.

समुद्रात नेमके हेच झाले, आणि तिथे पणाला लागलेली गोष्ट फार मोठी होती. उत्तर अटलांटिकमधला कॅलॅनस फिनमार्किकस हा अतिशय अभ्यासला गेलेला कोपेपॉड. नॉर्वेतल्या त्रोंदहाइमचे बिशप गुन्नेरुस यांनी त्याचे वर्णन केले त्याला अडीचशे वर्षे झाली. १८६३ साली क्लाउस यांनीच त्याच्याजवळचा हेल्गोलँडिकस वेगळा काढला, पण दोघे इतके सारखे की कित्येक दशके पुष्कळ जण त्यांना एकच धरत. फरक पाहायचा तर पाचव्या पायाच्या बुडाशी आतल्या कडेला दातांची ओळ असते ती पाहायची: एकात सरळसर, दुसऱ्यात आत वळलेली. १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे यंत्र ओढत प्लवकांचे नमुने घेणारी एक ब्रिटिश योजना चालू आहे. १९५८ पासून तिथे या दोघांची वेगवेगळी मोजणी सुरू झाली, म्हणूनच पुढे एक मोठी घडामोड दिसू शकली. उत्तर समुद्र तापत गेला तसा थंडी मानवणारा फिनमार्किकस मागे सरला आणि हेल्गोलँडिकस पुढे आला. फिनमार्किकस वसंतात भरपूर असतो, हेल्गोलँडिकसचा भर उन्हाळ्याच्या अखेरीस. कॉड माशाच्या पिल्लांना वसंतातच खाद्य लागते. दोन्ही एका नावाखाली मोजले असते तर एक मागे सरून दुसरा पुढे आला हे दिसलेच नसते, आणि कॉडची पिल्ले का उपाशी राहतात हे कोडेच राहिले असते.

तिसरा भाऊ ग्लेशिॲलिस, यॅश्नोव यांनी १९५५ साली वर्णिलेला. तो उत्तर ध्रुवाकडचा आणि आकाराने मोठा, म्हणून लांबी मोजून तो फिनमार्किकसपासून वेगळा करायची रीत पडली. डीएनए तपासला तेव्हा ही रीत फसवी निघाली. नॉर्वेच्या दक्षिणेकडच्या फ्योर्डांतही ग्लेशिॲलिस निघाला. आकाराने लहान म्हणून तो तोवर फिनमार्किकस गणला जात होता.

आपल्या समुद्रांचे काम प्रामुख्याने सेवेल यांनी रचले. लष्करी डॉक्टर म्हणून आलेले सेमूर सेवेल 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावर निसर्ग-अभ्यासक होते आणि १९२५ ते १९३३ या काळात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक. भारतीय समुद्रांतल्या कोपेपॉडांवरचे त्यांचे ग्रंथ १९२९ आणि १९३२ चे. आजही ते उघडल्यावाचून काम पुढे सरकत नाही. पुढे १९५९ ते १९६५ मधल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे प्लवकांचे नमुने कोचीत निवडले गेले आणि १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय गोव्यात, दोना पावलाला. १९६३ साली कस्तुरीरंगन यांची भारतीय किनाऱ्यावरच्या नेहमीच्या कोपेपॉडांची ओळख-सूची निघाली. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. ती उत्तम होती. पण ती नेहमीच्या जातींची होती, आणि सूचीत नसलेली जात हाती आली तरी सूची कुठल्यातरी उत्तरापाशी नेऊन सोडतेच. प्रत्येक ओळख-सूची वापरताना हा धोका डोक्यात ठेवावा. या पुस्तकातल्या सूचीलाही तो लागू आहे.

पॅराकॅलॅनसचे उदाहरण पाहा. पॅराकॅलॅनस पार्वस हे नाव युरोपातल्या थंड समुद्राचे, पण भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या असंख्य याद्यांत ते सापडते. मालदीव भागातून वुल्फेंडेन यांनी १९०५ मध्ये इंडिकस ही जात वेगळी मांडली. ती पार्वसहून खरेच वेगळी का, यावर पुढे दशकानुदशके वाद झाला. फरक पोहण्याच्या पायांच्या कडेवरच्या सूक्ष्म दातांत आणि मादीच्या शुक्रकोशाच्या आकारात. रोज शेकडो जीव मोजणारा माणूस एवढे कुठे पाहणार? तो पार्वस लिहितो आणि पुढच्या जीवाकडे वळतो. ओइथोना सिमिलिसही असाच. जगभरच्या समुद्रांतून नोंदला गेलेला हा बारीक जीव डीएनएच्या कसोटीवर अनेक वेगवेगळ्या वंशांचा समूह निघाला.

डीएनए आला, आता सुया आणि सूक्ष्मदर्शक कशाला, असे तरुण विद्यार्थी विचारतात. मला हा मोह घातक वाटतो. डीएनएचा क्रम स्वतःचे नाव सांगत नाही. तो आधी कोणीतरी साठवलेल्या क्रमाशी जुळवून पाहिला जातो, आणि त्या क्रमावरचे नाव माणसानेच लावलेले असते. ते चुकलेले असेल तर यंत्र तीच चूक अधिक ठामपणे परत करते. ज्या प्राण्याचा डीएनए काढला त्याचे शरीर काचपट्टीवर जपलेले असेल, तरच ती चूक कधी दुरुस्त होऊ शकते.

म्हणून या पुस्तकात हाताच्या कामावर भर आहे. मेसोसायक्लॉप्सची प्रौढ मादी घ्यावी, दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या असलेली मिळाली तर उत्तम, कारण मग ती प्रौढ आहे याची खात्री असते. पिल्लावस्थेतल्या जीवाला जातीचे नाव देऊ नये. ती ग्लिसरिनच्या थेंबात पालथी ठेवून आधी अख्खी पाहावी. शेपटीच्या दोन फाट्यांच्या आतल्या कडेला बारीक केस आहेत का? ॲस्पेरिकॉर्निसमध्ये ते असतात, खऱ्या ल्यूकार्टीत कड गुळगुळीत असते. मग तिला उताणी करून पोटाच्या पहिल्या मोठ्या भागात त्वचेतून दिसणारा शुक्रकोश रेखाटावा, त्याचे दोन पंख किती पसरट आणि किती वाकलेले आहेत ते नीट पाहून. त्यानंतरच सुया. कीटक टाचायच्या सर्वांत बारीक पिना काडीच्या टोकांना बसवल्या की काम होते. एका सुईने धड दाबून धरायचे, दुसरीने चौथ्या पायांची जोडी, मधल्या पट्टीसकट, सोडवायची. त्या पट्टीच्या खालच्या कडेवरचे दोन उंचवटे आणि दुसऱ्या मिशीच्या बुडाच्या भागावरची काटेरी नक्षी, ही दोन ठिकाणे जुन्या लोकांनी फारशी पाहिली नव्हती. आज जाती वेगळ्या काढताना ती फार उपयोगी पडतात. डायाप्टोमसमध्ये उलट नराकडे जायचे: त्याची उजवी मिशी सांध्यात मुडपते आणि उजव्या पाचव्या पायावर मोठा आकडा असतो. तो पाय नीट काढता आला की निम्मे काम झाले.

एवढे करूनही नाव ठरत नसेल तर मेसोसायक्लॉप्सची एक जात, एवढेच लिहावे. आपल्या महाविद्यालयांत अशी नोंद कमीपणाची मानली जाते, प्रकल्पाच्या वहीत पूर्ण नाव असले तरच गुण मिळतात. ही पद्धत सोडली पाहिजे. अर्धवट पण खरे नाव पुढच्या माणसाला काम करायला जागा ठेवते. पूर्ण पण खोटे नाव ती जागा बुजवून टाकते. नमुन्यावाचूनची जातींची यादी तर मी यादी मानतच नाही, मग ती कुठेही छापलेली असो.

कन्नड, सिल्लोड, सोयगाव या पट्ट्यात शिकणाऱ्या, शिकवणाऱ्यांनी काम कुठून सुरू करावे, हे विचारले जाईल. बारवांपासून. पुष्कळ बारवा आता गाळाने भरल्या आहेत, काहींची लोकांनी श्रमदानाने सफाई केली आहे. जिथे बारमाही पाणी आहे तिथला सायक्लॉप्स आजही तिथेच पोहत असेल. बारीक जाळी पाण्यात फिरवावी, नमुना लगेच ऐंशी-नव्वद टक्के अल्कोहोलमध्ये घालावा, कारण फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या जीवाचा डीएनए पुढे नीट काढता येत नाही. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने गाव, बारवेचे स्थानिक नाव, तारीख, पाणी किती खोल होते आणि कोणी घेतले हे लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी निघून पडते आणि पेनची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते. एका बाटलीत एकाच जागेचे, एकाच दिवसाचे पाणी. विच्छेदन केलेल्या मादीची काचपट्टी आणि उरलेली बाटली यांना एकच क्रमांक द्यावा आणि दोन्ही पुण्याला प्राणी सर्वेक्षण विभागाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात किंवा नमुने सांभाळण्याची सोय असलेल्या एखाद्या विद्यापीठात जमा कराव्यात. नावाचा शोध त्यानंतरही चालू राहू शकतो. पहिल्या प्रकरणात जाळी कशी शिवायची ते दिले आहे.